हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रज कोळ्याचे शब्द

रेवती_वेंगुर्ला

गेले दोन महिने रात्री जेवणं उरकली की तासभर जुनी इंग्रजी शिकतेय. जुनी म्हणजे १०६६ साली फ्रेंच बोलणारे नॉर्मन लोक इंग्लंड जिंकायला उतरले त्याच्याही आधीची. ही भाषा आजच्या इंग्रजीवरून कळत नाही, अक्षरशः नव्याने शिकावी लागते. पण परवा एक धडा वाचला आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं, म्हणून हा धागा.

एल्फ्रिक नावाच्या एका ख्रिस्ती साधूने इ.स. १००० च्या आसपास मठातल्या मुलांना लॅटिन बोलता यावं म्हणून एक संवाद लिहिला. गुरुजी प्रश्न विचारतात आणि मुलं कुणी नांगऱ्या, कुणी मेंढपाळ, कुणी शिकारी, कुणी कोळी होऊन उत्तरं देतात. मूळ मजकूर लॅटिन आहे. पण एका हस्तलिखितात कुणीतरी प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा जुना इंग्रजी अर्थ लिहून ठेवला. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्याच्यामुळे इंग्रज कोळ्याची अख्खी टोपली आपल्या हाती लागली.

कोळ्याचा भाग मला जमला तसा मराठीत देते:

– तुला कोणता धंदा येतो?
– मी कोळी आहे.
– त्यातून काय मिळतं?
– अन्न, वस्त्र आणि पैसा.
– मासे धरतोस कसे?
– होडीत बसतो, नदीत जाळं टाकतो, गळ टाकतो, टोपल्या टाकतो. त्यात जे अडकेल ते घेतो.
– विकतोस कुठे?
– शहरात.
– घेतं कोण?
– शहरातले लोक. जेवढे खपतील तेवढे मला मिळतच नाहीत.

हे शेवटचं वाक्य वाचून मी थांबलेच. आमच्या बंदरावर लहानपणी हेच ऐकलंय, ‘जेवढे खपतत तेवढे गावनत नाय.’

आता शब्द. ‘मी कोळी आहे’ हे मूळ भाषेत ‘इच् एओम् फिशेरे’. जाळ्याला इथे ‘माक्स’ म्हटलंय, आजच्या मेशचा नातेवाईक. साधा ‘नेट्ट’ हा शब्दही तेव्हा होताच. टोपलीला ‘स्प्युर्ते’, हा लॅटिनमधून आलेला. गळाला ‘आंगेल’ आणि त्याच्या शेजारीच ‘ऍस’ म्हणजे आमिष.

या आंगेलपाशी मी दोन दिवस अडकले होते. त्याचा मूळ अर्थ वाकडं टोक. अँगलिंग म्हणजे गळाने मासे धरणं ते यातूनच आलं. संस्कृतातले अंक, अंकुश आणि आपला आकडा हे याच कुळातले. अँगल्स नावाची जी टोळी समुद्र ओलांडून गेली आणि जिच्यावरून इंग्लंड हे नाव पडलं, तिचा मूळ प्रदेश किनाऱ्याच्या आकड्यासारख्या वळणामुळे त्या नावाने ओळखला गेला असावा असं बरेच जण मानतात.

माझे आजोबा संध्याकाळी खाडीच्या जेटीवर गरवायला बसत. गरीला आमिष लावताना ते कोळंबी शेपटीकडून अशी ओवत की टोक बाहेर दिसायचं नाही, आणि मग अंगठ्याच्या पेराने चाचपून बघत. ती गरी आणि तो आंगेल, दोन्हींचं काम एकच. हजार वर्षांत त्या वाकड्या टोकात बदलण्यासारखं काही सापडलं नाही कुणाला.

मला वाटतं ते असं: नॉर्मन आले तेव्हा ताटातल्या शब्दांची भाषा बदलली, पण हातातल्या शब्दांची नाही. सॅमन माशाचं जुनं नाव लेआक्स जाऊन फ्रेंचमधून सॅमन आला, पण नेट आणि हुक तिथेच राहिले. जाणकारांनी सांगावं, हे पटतंय का?

शब्दवेडा

रेवतीताई, सुंदर धागा. उच्चाराबद्दल थोडी भर घालतो.

मासा म्हणजे ‘फिश्’. लिहिताना शेवटी स आणि क ही दोन अक्षरं लिहायचे, पण त्या जोडीचा उच्चार श. म्हणजे हा शब्द हजार वर्षांत कानाला जवळजवळ तोच राहिलाय. लॅटिनमध्ये तो पिस्किस. पितृ आणि फादर, पद आणि फूट या जोड्यांत जो प चा फ होतो तोच इथे. आपल्याकडे मात्र संस्कृताने मत्स्य हा वेगळाच शब्द घेतला, त्यामुळे मासा आणि फिश यांचं नातं नाही.

तुमच्या धड्यातलं एक रूप बघा. मासेचं अनेकवचन तिथे ‘फिक्सस’ असं लिहिलंय, ‘फिशस’ नाही. स आणि क यांनी जागा बदलल्या. आपल्याकडे नुकसानचं नुस्कान आणि मतलबचं मतबल होतं, अगदी तसंच. मठातल्या लिहिणाऱ्याच्या हातूनही बोलीतलं रूप उतरलं याचा मला फार आनंद होतो.

अनिकेत_प

ताटातले शब्द बदलले आणि हातातले राहिले, हे ऐकायला छान आहे पण मला पूर्ण पटत नाही. तुम्हीच दिलेल्या यादीत माक्स आणि स्प्युर्ते ही हातातली अवजारं आहेत, आणि दोन्ही शब्द गेले. उलट ईल, हेरिंग, क्रॅब, लॉब्स्टर हे सगळे ताटातले आणि अजून ठणठणीत आहेत. त्या कोळ्याने आणखी कोणते मासे सांगितलेत? पूर्ण यादी दिलीत तर बोलता येईल.

रेवती_वेंगुर्ला

अनिकेत, देते. तुमचा आक्षेप रास्त आहे.

नदीत तो धरतो: ऍल (ईल, आपल्या वामेसारखा लांबडा), हाकोद, म्युने (आजचा मिनो, बोटाएवढा मासा), ऍलेपूत, शेओता (ट्राउट), लाम्प्रेदे.

समुद्रात: हॅरिंग, लेआक्स, मेरेस्वीन, स्टर्जन, कालवं, कुर्ल्या, शिनाणे, खडकावरच्या गोगलगायी, खुब्यांसारखी शिंपली, फाग् म्हणजे प्लेस, फ्लोक हा दुसरा एक चपटा मासा आणि शेवंडं. शेवंडीला ‘लॉपेस्त्रे’. हा मुळात लॅटिन शब्द, ज्याचा अर्थ टोळही होतो आणि शेवंडही. दोघांचे पाय आठवले की कळतं.

आता गेलेले बघा. हाकोद गेला, त्याच्या जागी पाइक आला, पण पाइक काही फ्रेंच नाही. टोकदार तोंडामुळे भाल्याचं नाव माशाला मिळालं. म्हणजे इथे माझा मुद्दा लंगडा पडतो, मान्य.

पण लेआक्स, फाग् आणि मेरेस्वीन हे तिन्ही फ्रेंचकडून आलेल्या नावांनी हटवले. स्टर्जनची गोष्ट तर वेगळीच. जुन्या इंग्रजीत तो ‘स्टिरिया’. त्याच कुळातला जर्मानिक (इंग्रजी, जर्मन या भाषांच्या घराण्यातला) शब्द फ्रेंचांनी पूर्वीच उचलला होता, तो नॉर्मनांबरोबर फ्रेंच पोशाखात परत आला. ऑयस्टरचंही तसंच, जुन्या इंग्रजीत ‘ओस्त्रे’ होता, तरी आजचं रूप फ्रेंचवरून आलेलं.

मेरेस्वीनचा अर्थ समुद्र-डुक्कर. डॉल्फिनसारखा पण बुटक्या तोंडाचा तो पोर्पॉइज. पोर्पॉइज हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचाही अर्थ डुक्कर-मासा! आणि आजचे फ्रेंच लोक त्याला काय म्हणतात? मार्स्वँ, म्हणजे उत्तरेकडून गेलेलं तेच मेरेस्वीन. दोन शेजारणींनी एकमेकींच्या वाट्या नेल्या आणि परत करताना अदलाबदल झाली, तसं.

वसईचा_दर्या

वाचतोय. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या डोलीवालं, म्हणजे डोल नावाच्या पिशवीसारख्या जाळ्याने मासे धरणारं. मी स्वतः आता नोकरी करतो, पण भाऊ धंद्यात आहे.

ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटीला, जिथे सगळा माल जमतो, तिला इंग्रजीत कॉड एंड म्हणतात. मी इतकी वर्षं समजत होतो की ते कॉड माशावरून असेल. त्याचं मूळ कुणी सांगेल का? आमच्या डोल जाळ्यात त्या भागाला खोला म्हणतात. खोल्याची गाठ सोडली की सगळा म्हावरा होडीत ओतला जातो. ती गाठ सुटते तेव्हा होडीतला प्रत्येक माणूस एक क्षण गप्प होतो, कारण दिवसाचं नशीब तिथेच कळतं.

शब्दवेडा

दर्याभाऊ, कॉड माशाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘कॉद्द’ म्हणजे पिशवी, थैली, शेंगेचं टरफल. जाळ्याची पिशवी ती कॉड एंड. म्हणजे तुमच्या खोल्याचं काम करणाऱ्या भागाचं नाव हजार वर्षांचं आहे.

आणि गंमत अशी की कॉड या माशाचं नाव मात्र जुन्या इंग्रजीत सापडत नाही. एल्फ्रिकच्या कोळ्याने शिंपलीसुद्धा मोजली, पण कॉड नाही. ते नाव तेराव्या शतकापासून दिसायला लागतं. ज्या माशावर पुढे इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्याची भिस्त राहिली, त्याच्यासाठी जुन्या इंग्रजीने आपल्यापर्यंत एक शब्दही पोचवला नाही.

शुभदा_क

याला पुरातत्त्वाची जोड आहे. २००४ साली जेम्स बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडातल्या उत्खननांत मिळालेली माशांची हाडं शतकवार लावली. इ.स. १००० च्या सुमाराला हेरिंग आणि कॉड यांची हाडं एकदम वाढलेली दिसतात. त्याआधी लोक मुख्यतः गोड्या पाण्यातले आणि नदी-समुद्र ये-जा करणारे मासे खात होते. एल्फ्रिकने हा संवाद लिहिला तो बरोबर त्याच उंबरठ्यावर. गुरुजींनी विचारलंच असेल ना, समुद्रात का जात नाहीस म्हणून?

रेवती_वेंगुर्ला

हो शुभदाताई, विचारलंय! तो म्हणतो, कधीतरी जातो, पण क्वचित. ‘मिचेल रेवेत’ पडते. म्हणजे फार वल्हवावं लागतं. किती खरं उत्तर आहे. भीती नाही, शकुन-अपशकुन नाही, खांदे दुखतात.

यातला रेवेत हा रो या क्रियापदाचा भाऊ आणि संस्कृत अरित्र, म्हणजे वल्हं, याचा चुलत भाऊ. त्यातूनच ‘रोथोर’ आला, म्हणजे होडी वळवायचं वल्हं, आणि तोच आजचा रडर. आपण सुकाणू म्हणतो ते अरबीवरून. अरित्र आपल्याकडे पोथीत राहिलं आणि पाण्यावर अरबी शब्द आला. आपल्या किनाऱ्यावर नाखवा फारसीतून आलाय, तसाच हा व्यवहार.

थेम्सकाठी

लंडनहून नमस्कार. इथे उत्तर-पश्चिमेला एजवेअर आहे, भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन. एजवेअर रोडवरून मी अकरा वर्षं कामाला जातोय. या धाग्यामुळे काल नाव शोधलं. दहाव्या शतकातल्या नोंदीत ते ‘एज्जेस वेर’ असं येतं: एज्जी नावाच्या कुणा माणसाचा वेर. वेर म्हणजे आजचा वेअर, नदीत मासे अडवायला घातलेला बांध. डॉर्सेटमधल्या वेअरहॅमचंही तसंच, वेरजवळची वस्ती.

म्हणजे रोज तोंडात असलेलं नाव एका कोळ्याच्या बांधाचं निघालं. एज्जी कोण होता कुणाला ठाऊक, पण त्याचं जाळं अजून नकाशावर आहे. हे वेर नेमके दिसायचे कसे?

रेवती_वेंगुर्ला

दोन प्रकारांची नावं सेव्हर्न नदीकाठच्या टिडनहॅम इस्टेटीच्या एका जुन्या नोंदीत आहेत. एक ‘क्युत्वेर’: टोपल्यांची रांग, रुंद तोंडं पाण्याच्या ओढीकडे, निमुळती शेपटी मागे. दुसरा ‘हॅकवेर’: कुंपणासारखा, खुंट ठोकून त्यांत काटक्या विणलेला. ओहोटीचं पाणी निघून जातं, मासा अडकतो. एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या, काळातले असे खुंट मोठी ओहोटी लागली की अजून चिखलात उघडे पडतात.

याच टिडनहॅमच्या नोंदीत माझ्या पहिल्या मुद्द्याला आधार मिळाला, आणि तो थोडा बदललाही. तिथे नियम असा: प्रत्येक वेरमधला दर दुसरा मासा जमीनदाराचा. शिवाय जो मासा दुर्मिळ आणि मोलाचा, तो सगळाच त्याचा: स्टिरिया, मेरेस्वीन किंवा दुसरा कोणताही बडा समुद्रमासा. मालक गावात असेल तर त्याला कळवल्याशिवाय मासा विकायचाही नाही.

अनिकेत, बघा: नियमात नाव घेऊन राखून ठेवलेले दोन मासे कोणते? स्टर्जन आणि पोर्पॉइज. दोन्हींची नावं पुढे फ्रेंच झाली. जे मासे थेट वाड्यावर जात होते त्यांची नावं वाड्याची भाषा बदलली तशी बदलली. ईल आणि हेरिंग गरिबाच्या घरातही होते, तिथे त्यांना कोण नवं नाव देणार? ‘ताट’ म्हणताना मी सगळ्यांची ताटं एकत्र केली, तिथे चुकले. कुणाचं ताट ते बघायला हवं होतं.

अनिकेत_प

हे जास्त पटतं. लॉब्स्टर मात्र तुमच्या मांडणीत बसत नाही, ते तसंच राहू द्या.

मांडवीतीर

टिडनहॅमचा नियम वाचून आमची मानस आठवली. गोव्यात खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाला लाकडी दारं असतात ती मानस. भरतीला पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि उघडल्या दाराशी जाळं बांधून मासे धरतात. तो हक्क लिलावाने जातो. माझ्या मामाने एक वर्ष घेतला होता. रात्री दोनला ओहोटी लागायची, कंदील घेऊन आम्ही पोरं मागोमाग. दार हलकेच कुरकुरायचं, मग पाण्याचा आवाज बदलायचा आणि मामा म्हणायचा, आयलें. वेर बांधणारे लोक हाच आवाज ऐकत असतील.

शब्दवेडा

वेर हा शब्द अडवणे, राखणे या अर्थाच्या क्रियापदातून आला आणि भाषाशास्त्रज्ञ तो संस्कृत ‘वृ’ धातूशी जोडतात, ज्यातून आपलं वारणे, निवारण आलं. पाण्याला वारणारा तो वेर.

लेआक्सबद्दल राहिलं होतं. जर्मनमध्ये लाक्स, रशियनमध्ये लोसोस, आणि मध्य आशियातल्या वाळवंटात बोलल्या गेलेल्या तोखारी भाषेत ‘लक्स’ म्हणजे नुसता मासा. इंग्रजीतून हा शब्द गेला तो अमेरिकेत ज्यू स्थलांतरितांच्या यिडिश भाषेतून लॉक्स होऊन परतला, बेगलवर घालतात तो खारवलेला सॅमन. आपल्या लाख या आकड्याशी आणि लाखेच्या लाल रंगाशीही त्याचा संबंध लावायचा प्रयत्न एका जर्मन संस्कृतज्ञाने केला होता. मोहक आहे, पण बहुतेक अभ्यासक तो स्वीकारत नाहीत.

आणि जाता जाता, आपला रावस इंडियन सॅमन म्हणून विकतात, पण तो सॅमनच्या कुळातला नाही.

एक ओळ मला फार आवडते. जुन्या इंग्रजीतल्या सुभाषितांच्या एका संग्रहात, राजाने काय करावं, लांडग्याने कुठे राहावं असं सांगता सांगता मध्येच येतं: लेआक्सने डोहात शेओताबरोबर सळसळत फिरावं. एवढंच. उपदेश नाही, उपमा नाही. कुणीतरी काठावर बसून पाण्यात बघितलेलं आहे ते.

शुभदा_क

बीडचा एक प्रसंग या धाग्यात असायलाच हवा. बीड म्हणजे ७३१ साली इंग्लंडातल्या चर्चचा इतिहास लिहिणारा विद्वान साधू. (आपल्या बीडशी संबंध नाही, उच्चार जुळतो एवढंच.) तो सांगतो की ससेक्समध्ये तीन वर्षं पाऊस नव्हता, दुष्काळ इतका की लोक हात धरून कड्यावरून समुद्रात उड्या टाकत. समुद्रात आणि नद्यांत मासे भरपूर, पण लोकांना ईल सोडून दुसरं काही धरताच येईना. तेव्हा विल्फ्रिड नावाचा बिशप तिथे आला. त्याच्या माणसांनी गावभरची ईलची जाळी गोळा केली, समुद्रात टाकली, आणि तीनशे मासे मिळाले. त्यांनी तीन वाटे केले: शंभर गोरगरिबांना, शंभर जाळी देणाऱ्यांना, शंभर स्वतःला.

मला यात धर्मप्रसारापेक्षा तो वाटा दिसतो. जाळ्याच्या मालकाचा वेगळा वाटा! आपल्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात त्या मोठ्या जाळ्यात, जाळ्याचा हिस्सा वेगळा काढतात, तसाच.

याच बीडने लिहिलंय की ईली या गावाचं नाव तिथल्या दलदलीत मिळणाऱ्या ईलवरून पडलं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, तर ठिकठिकाणी खंड म्हणून ईल भरलेले आहेत. ते मोजायचे काठीवर. एक काठी म्हणजे पंचवीस ईल. आपली कोडी वीसची, त्यांची काठी पंचवीसची. तोच युरोपीय ईल आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

वसईचा_दर्या

तीन वाट्यांची गोष्ट भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, जाळी दुसऱ्याची आणली आणि एकतृतीयांशच दिला? पण दुष्काळ होता म्हटल्यावर गप्प बसला.

त्या इंग्रज कोळ्याला देवमाशाबद्दल विचारलं का हो? आमच्याकडे जाळ्याजवळ मोठा मासा आला की आधी इंजिन बंद.

रेवती_वेंगुर्ला

विचारलंय दर्याभाऊ, आणि ते उत्तर तुमच्या भावाला नक्की वाचून दाखवा.

– एखादा देवमासा धरशील का?
– निच्.

‘निच्’ म्हणजे ‘मी नाही’. न आणि इच् एकत्र झालेत. एका शब्दात निकाल.

– का नाही?
– धोक्याचं काम आहे. खूप होड्या घेऊन देवमाशाच्या शिकारीला जाण्यापेक्षा माझी होडी घेऊन नदीवर जाणं मला बरं. जो मासा मी मारू शकतो तो धरावा. जो एका फटक्यात मला आणि माझ्या सोबत्यांना बुडवील तो नको.
– पण पुष्कळ जण देवमासे धरतात, संकटातून सुटतात आणि बक्कळ पैसा कमावतात.
– खरं बोलता. पण माझं धाडस होत नाही.

देवमाशाला दोन शब्द होते. ‘ह्वॅल’ राहिला, तो आजचा व्हेल. दुसरा ‘ह्रान’ किंवा ‘ह्रोन’ पार गेला. बेओवुल्फ या महाकाव्याच्या दहाव्याच ओळीत समुद्राला ‘ह्रोनराद’ म्हटलंय, देवमाशांची वाट. तो शब्द आज कुणी बोलत नाही.

थेम्सकाठी

रेवतीताई, आज रविवार म्हणून ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो होतो. एक्केचाळीस नंबरच्या दालनात फ्रँक्स कास्केट नावाची पेटी आहे, आठव्या शतकाच्या सुरुवातीची, उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया या जुन्या राज्यातली. पानाच्या डब्याहून थोडी मोठी असेल. रंग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट तपकिरी, पण हस्तिदंत नव्हे, देवमाशाचं हाड. पुढच्या बाजूला चित्रं आहेत, एकीकडे जुन्या दंतकथांतला वेलंड लोहार, दुसरीकडे बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी. त्यांच्या चारही बाजूंनी रून या जुन्या जर्मानिक लिपीत मजकूर कोरलाय, आणि त्याचा त्या चित्रांशी काही संबंध नाही. तो या हाडाबद्दल आहे: लाटेने माशाला कड्यावर उचललं, वाळू-खड्यांत पोहत आला तिथे तो भयाचा राजा दुःखी झाला.

खालची ओळ उजवीकडून डावीकडे उलटी कोरली आहे, त्यामुळे मान वाकडी करून वाचत होतो. एक छोटी मुलगी शेजारी येऊन तशीच मान वाकडी करून उभी राहिली. डावीकडच्या कडेला दोनच शब्द आहेत, सगळ्यात ठळक. तुम्ही म्हणालात तो गेलेला शब्द तिथे आहे. ‘ह्रोनॅस बान.’ देवमाशाचं हाड.